कल्पित पात्रांचें पूर्ववृत्त

सुशिक्षित घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडीं हल्लीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. मुलें व्हिडिओ गेम खेळतात ही गोष्ट त्यांनीं आतां बहुतेक पत्करली आहे. एके काळीं सिनेमाही असाच पत्करावा लागला होता, आणि त्यापूर्वीं कादंबरीही. परंतु खेळ संपल्यावरही मुलें त्यांतील एखाद्या पात्राविषयीं तासचे तास वाद घालीत बसतात, तें पात्र कोण, कोठून आलें, त्याची आई कोण, त्याचा एक डोळा मिटलेला कां, यांचीं प्रमाणें एकमेकांपुढें मांडतात, हें मात्र त्यांना सहन होत नाहीं. "जें माणूस मुळांत झालेंच नाहीं त्याच्या जन्माची चौकशी कसली करतां?" असा त्यांचा सवाल असतो, आणि तो टाकल्यावर आपण वादाचा निकालच लावला अशा समाधानानें ते वर्तमानपत्र उघडतात. आमच्या अध्यापकबंधूंपैकीं पुष्कळांचें मतही याहून निराळें नाहीं. या मताचा समाचार घेणें हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतु आहे. दुसरा हेतु, ज्यांचा पक्ष आम्ही घेणार त्या तरुण मंडळींनाही चार खडे बोल सुनावणें हा आहे. कारण त्यांच्या हातीं एक चांगलें हत्यार आलें असून त्यांतील कित्येक जण तें पात्याकडून धरीत आहेत.

वाद हवेंत लोंबकळत राहूं नये म्हणून एकच उदाहरण घेऊं. 'एल्डन रिंग' हा खेळ जपानांतील 'फ्रॉमसॉफ्टवेअर' या संस्थेनें २५ फेब्रुवारी २०२२ रोजीं प्रसिद्ध केला. त्याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. आणि खेळाच्या कथेपूर्वींचा पुराणेतिहास रचण्याचें काम अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनीं केलें. त्याच वर्षीं डिसेंबरांत 'द गेम अवॉर्ड्‌स' या समारंभांत त्यास वर्षांतील सर्वोत्कृष्ट खेळाचा मान मिळाला, आणि २०२५ पर्यंत त्याच्या ३ कोटींवर प्रती खपल्या. तेव्हां हा कांहीं चार रिकामटेकड्या पोरांचा विषय नव्हे. या खेळांत खेळणारा हा एक हद्दपार योद्धा असतो. एर्डट्री नांवाच्या एका विराट सुवर्णवृक्षाच्या छायेंत मारिका राणीचें राज्य होतें. तें मोडलें, आणि त्या मोडलेल्या राज्यांत हा योद्धा परत येतो. अशा योद्ध्यांना वाट दाखविण्यासाठीं एकेक कुमारिका नेमलेली असते. आपल्या नायकाला मात्र ती लाभलेली नाहीं. ही उणीव भरून काढण्यास रात्रीच्या शेकोटीसारख्या एका विसाव्याच्या जागीं जी येऊन बसते, ती मेलिना. ती एक करार करिते: मी तुला बळ देईन, वाहन म्हणून एक घोडा देईन, तूं मला त्या वृक्षाच्या पायथ्याशीं घेऊन चल.

एवढा करार करून ती अदृश्य होते, आणि मग मधूनमधून येते, थोडें बोलते, निघून जाते. तिला शरीर नाहीं. ती जळून देहहीन झालेली आहे असें ती स्वतःच सांगते. त्या वृक्षाच्या पायथ्याशीं आपला जन्म झाला, तेथेंच आईनें आपणास एक कार्य नेमून दिलें, पण तें कार्य कोणतें याची आठवण आतां उरली नाहीं, असेंही ती सांगते. पडक्या प्रार्थनामंदिरांत थांबून ती मारिका राणीचीं जुनीं वचनें म्हणून दाखविते. परंतु तीं तिला कशीं ठाऊक, हें सांगत नाहीं. तिचा एक डोळा सदैव मिटलेला असतो. आणि पुढें, हिमाच्छादित पर्वतावर महाकायांची एक भट्टी आहे, तेथें ती स्वतःला सरपण म्हणून अर्पण करिते. कारण वृक्षाचें द्वार कांट्यांनीं बंद झालेलें आहे, आणि तो वृक्ष पेटल्यावांचून नायकास पुढें वाट नाहीं. ही मेलिना कोण, या प्रश्नावर जगांतील असंख्य रसिक २०२२ पासून डोकें खाजवीत आहेत.

हें डोकें खाजविणें कोणत्या प्रकारचें आहे तें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. कारण टीकाकारांस तेंच ठाऊक नसतें. या खेळांत निवेदक असा जवळजवळ नाहींच. कथा सांगितली आहे ती तरवारींच्या, झग्यांच्या, मंत्रांच्या, किडामुंगीच्यासुद्धां दोन-दोन चार-चार ओळींच्या वर्णनांत. एका तरवारीच्या वर्णनांत एका राणीचें नांव येतें; त्या राणीविषयीं दुसरा शब्द कोठें असेल तर तो शंभर कोस दूर पडलेल्या एखाद्या मंत्राच्या वर्णनांत. पात्रांचें बोलणें इंग्रजींत आहे, पण कृति जपानी असल्यामुळें ज्यांना ती भाषा येते ते दोन्ही पाठ ताडून पाहतात आणि अमुक शब्दाचा लिंगभेद, अमुक शब्दाची संदिग्धता भाषांतरांत हरवली काय, यावर खल करितात. सुज्ञ वाचकहो, याला आमच्या शास्त्रांत एक नांव आहे. त्याला वाचन म्हणतात.

आतां पूर्वपक्षाकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, कल्पित व्यक्तीला पूर्ववृत्तच नसतें. ग्रंथकारानें लिहिलें तेवढेंच तिचें आयुष्य. म्हणून न लिहिलेल्या भागाची चौकशी हा वंध्यापुत्राचा शोध होय. हा आक्षेप घेणाऱ्या गृहस्थांच्या कपाटांत इरावतीबाई कर्वे यांचें 'युगान्त' हें १९६७ सालचें पुस्तक बहुधा असतें, आणि त्याविषयीं ते आदरानें बोलतात. तो आदर योग्यच आहे. त्या पुस्तकांत बाईंनीं, विदुर हा युधिष्ठिराचा पिता असेल काय, असा प्रश्न उपस्थित केला आहे. महाभारत तसें कोठेंही उघड सांगत नाहीं. बाईंनीं काय केलें? विदुर व युधिष्ठिर या दोघांचाही संबंध धर्माशीं म्हणजे यमाशीं जोडला आहे, नियोगासाठीं दिराला बोलावण्याची चाल होती, आणि अंतकाळीं विदुर योगबलानें युधिष्ठिराच्या शरीरांत प्रवेश करितो, अशा विखुरलेल्या जागा त्यांनीं एकत्र आणल्या, त्यांचें वजन केलें, आणि अनुमान अनुमान म्हणूनच वाचकांपुढें ठेविलें. त्या पुस्तकास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जी रीत पुण्यांतील विदुषीनें महाभारताला लावली असतां पांडित्य ठरते, तीच रीत सतरा वर्षांच्या मुलानें खेळाला लावली असतां पोरखेळ कां ठरावा? महाभारत थोर आहे आणि खेळ तितका थोर नाहीं, हें उत्तर येथें चालत नाहीं. आक्षेप ग्रंथाच्या थोरवीबद्दल नव्हता, रीतीबद्दल होता.

आणि थोरांनीं असला खेळ कधीं खेळलाच नाहीं असेंही नाहीं. डिकन्स १८७० मध्यें वारला तेव्हां त्याची 'एड्‌विन ड्रूड' ही कादंबरी अर्धी राहिली. तींत डॅचरी नांवाचा एक अनोळखी इसम मध्येंच अवतरतो. तो खरोखर कोण, यावर इंग्लंडांत पिढ्यान्‌पिढ्या लेख आणि पुस्तकें निघालीं. जानेवारी १९१४ मध्यें तर लंडन शहरांत त्या कादंबरींतील जॅस्परवर ड्रूडच्या खुनाचा नाटकी खटलाच चालला. न्यायाधीशाच्या खुर्चीवर चेस्टरटन होता आणि पंचांचा म्होरक्या बर्नार्ड शॉ होता. शेवटीं चेस्टरटननें स्वतःखेरीज सर्वांनाच न्यायासनाच्या बेअदबीबद्दल दोषी ठरविलें. ही मंडळी रिकामटेकडी होती असें म्हणण्याचा धीर आमच्या टीकाकारांस होणार नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा आहे, आणि तो आमच्याच व्यवसायांतून येतो. ए. सी. ब्रॅडले यांनीं शेक्सपिअरच्या शोकनाट्यांवरील आपल्या १९०४ च्या ग्रंथाच्या टिपणांत, बापाच्या मृत्यूच्या वेळीं हॅम्लेट कोठें होता, अशांसारखे प्रश्न चर्चिले. १९३३ मध्यें एल. सी. नाइट्‌स यांनीं 'लेडी मॅक्‌बेथला मुलें किती?' अशा उपरोधिक मथळ्याचा निबंध लिहून या सर्व पद्धतीची टर उडविली. नाटक म्हणजे शब्दांची रचना. पात्रें त्या रचनेंतून निघणारा एक भास. त्या भासाला शब्दांबाहेर संसार नाहीं, हें त्यांचें म्हणणें. आमच्या महाविद्यालयांत हा निबंध वाचलेले अध्यापक पुष्कळ आहेत, आणि मुलांचे वाद ऐकले कीं ते नाइट्‌स यांचें नांव काढतात. पण मुलांच्या संख्येचा प्रश्न ब्रॅडले यांनीं स्वतःच गैरलागू ठरविला होता, हें त्यांना बहुधा आठवत नाहीं. कोणता प्रश्न विचारण्याजोगा आणि कोणता नाहीं याची निवड ब्रॅडलेही करीत होते. तेव्हां खरा मुद्दा असा: ही निवड कोणत्या कसोटीवर करावयाची?

आमची कसोटी सोपी आहे. पात्राच्या कृतीचा अर्थ ज्या पूर्ववृत्तावर अवलंबून आहे तें पूर्ववृत्त कृतीच्या आंत आहे. ज्यावर तो अवलंबून नाहीं तें बाहेर आहे. लेडी मॅक्‌बेथला एक मूल होतें कीं तीन, यानें तिच्या कृत्यांत तिळमात्र फरक पडत नाहीं. मेलिनेची गोष्ट अशी नाहीं. भट्टीपाशीं ती काय सांगते? आपलें कार्य आपल्याला आईनें दिलें होतें, पण आतां जें करीत आहों तें स्वतःच्या इच्छेनें. आपल्याला कसलें जग हवें हें आपण ठरविलें आहे, मग आईचा बेत कांहींही असो. या एका बोलण्यावर संपूर्ण प्रसंग उभा आहे. तें खरें असेल तर आपल्यासमोर एका स्वतंत्र जिवानें केलेलें आत्मार्पण घडतें. पण जिनें तिला जन्म दिला तिनें मुळांतच तिला सरपण म्हणून घडविली असेल, तर? मग "माझी इच्छा" हे शब्दही त्याच घडणींतले असतील. आणि तिच्याबरोबर शेंकडों कोस चालून, तिच्याकडून बळ घेऊन, शेवटीं तिला जळूं देणारा खेळाडू एका आईच्या क्रूर योजनेचा हस्तक ठरेल. ती कोणाची कोण, आणि तिला आपलें पूर्ववृत्त किती ठाऊक होतें, हा प्रश्न येथें सुपारी कातरतां कातरतां विचारण्याचा राहत नाहीं. ज्यानें तें दृश्य पाहिलें त्याच्या मनाला तो टोंचतोच. शिवाय मेलिना स्वतःच आपला पूर्वेतिहास शोधीत निघालेली आहे. तिची ओळख शोधणारा रसिक तिच्याच वाटेनें चालत असतो. नाइट्‌स यांचा बाण येथें लागू पडत नाहीं.

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: हें सगळें मौन म्हणजे दुकानदारी, आज प्रश्न विकावयाचा, उद्यां उत्तर विकावयाचें. ही शंका रास्त आहे, आणि असली दुकानदारी करणारे खेळ आहेतही. पण प्रस्तुत उदाहरणांत काय घडलें तें पाहावें. २१ जून २०२४ रोजीं या खेळाचा 'शॅडो ऑफ द एर्डट्री' हा पुरवणीभाग निघाला. त्यांत मारिकेचा मेस्मर नांवाचा एक पुत्र येतो. त्याच्या अंगीं असलेल्या सरपणाच्या वर्णनांत, त्याच्या धाकट्या बहिणीप्रमाणेंच त्यालाही अग्नीचें दर्शन होतें, असा उल्लेख आहे. धाकटी बहीण! बस्स, तेवढेंच, नांव नाहीं. ज्याला उत्तर विकावयाचें तो इतक्या हातराखीनें विकीत नसतो. मियाझाकी यांनीं आपल्या बाळपणाविषयीं सांगितलेली एक हकीकतही येथें ध्यानांत घेण्यासारखी आहे: घरची गरिबी असल्यामुळें ते ग्रंथालयांतून पुस्तकें आणीत, त्यांतील कित्येक त्यांच्या वयाच्या मानानें कठीण असत, जे भाग कळत नसत ते चित्रें पाहून आणि कल्पनेनें ते भरून काढीत. ज्याला वाचनाचा पहिला आनंद न कळलेल्या ओळींतून मिळाला, त्यानें दुसऱ्यांसाठींही न कळणाऱ्या ओळी ठेवाव्या, यांत कपट कसलें?

येथवर आम्ही रसिकांचे वकील होतों. आतां त्यांच्याच विरुद्ध उभे राहतों.

रसिकांतील एका मोठ्या गटाचा सिद्धान्त असा कीं, मेलिना म्हणजे पूर्वींची एक राणी, जिला आम्ही सांजनेत्री राणी म्हणूं. ही राणी देवांचा घात करणाऱ्या एका पंथाची नायिका होती आणि मारिकेचा सेवक मालिकेथ यानें तिचा पराभव केला, असें तिच्या तरवारीच्या वर्णनांत आहे. सिद्धान्ताच्या बाजूनें प्रमाणें अशीं: खेळाडूनें मेलिनेची विनवणी झिडकारून जग भस्म करणारी उन्मत्त ज्वाला पत्करली, तर ती त्याला सोडून जाते, आणि त्या शेवटांत तिचा मिटलेला डोळा प्रथमच उघडतो, तो सांजरंगाचा असतो, आणि ती त्याला विधिनिश्चित मृत्यु देण्याची प्रतिज्ञा करिते, जो मृत्यु त्या राणीच्या काळ्या ज्वालेचें मूळ बळ होता. प्रमाणें लहान नाहींत. पण उलट बाजूही आहे. मेलिना आईचा, वृक्षाचा आणि मारिकेच्या वचनांचा उल्लेख करिते. राणी मारिकेच्या पक्षाची वैरीण. मॉर्गॉट राजाशीं होणाऱ्या युद्धांत मेलिनेला मदतीस बोलावितां येतें, त्या वेळीं ती सुवर्णवृक्षाचीच विद्या वापरते. काळी ज्वाला तिच्या हातीं कधींच दिसत नाहीं. मग निर्णय काय? मारिकेची मुलगी ती असावी, हें अनुमान बळकट आहे; सांजनेत्री राणीशीं तिचा कांहीं संबंध असावा, हें संभवनीय आहे; ती म्हणजेच ती राणी, हें सिद्ध झालेलें नाहीं. नैयायिकांनीं हेतु आणि हेत्वाभास यांत भेद केला तो उगाच नव्हे. डोळ्याचा रंग एक, म्हणून व्यक्ति एक, असें म्हणणारा धूर पाहून अग्नि सांगत नाहीं. धुकें पाहून सांगतो.

असें असतां पुष्कळ तरुण या सिद्धान्ताला "सिद्ध" म्हणतात, आणि न मानणाऱ्यास अडाणी ठरवितात. हा त्यांचा पहिला दोष. दुसरा दोष असा कीं, प्रमाण कमी पडलें म्हणजे ते खेळाच्या फायली उकरून कर्त्यांनीं टाकून दिलेलीं संभाषणें बाहेर काढतात आणि तीं मूळ पाठाच्या पंक्तीला बसवितात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ मध्यें पुरी केली, तेव्हां संपादकांनीं नाकारलेले पाठ फेंकून दिले नाहींत. परंतु त्यांची जागा तळटीपेंत आणि परिशिष्टांत आहे. टाकलेल्या संभाषणाची जागाही तीच. कर्त्यानें विचारपूर्वक गाळलेलें वाक्य हा त्याचा साक्षीदार नव्हे. फार तर त्याची रद्दी होय.

तिसरा दोष सर्वांत मोठा. हे रसिक शेवटीं कर्त्याच्या दाराशीं जाऊन निकाल मागतात: एकदांचें सांगून टाका, ती कोण? उद्यां मियाझाकी यांनीं एखाद्या मुलाखतींत एक नांव उच्चारलें तर काय होईल? एका वाक्यांत सगळा वाद मिटेल, आणि भट्टीपाशीं जळणाऱ्या त्या मुलीकडे मग कोणी पाहणार नाहीं. कारण तिची नोंद झाली, खातें बंद झालें. ज्यांना केवळ नांव हवें होतें त्यांना नांव मिळेल. पण तिच्या इच्छेचा प्रश्न नांवानें सुटत नाहीं. ती मारिकेची मुलगी ठरली, तरी तिनें स्वेच्छेनें केलें कीं घडविल्याप्रमाणें केलें, हें उरतेंच. आणि तें कर्त्यालाही सांगतां येणार नाहीं, कारण तें त्यानें वाचकाकडे सोंपविलें आहे. म्हणून आम्ही तरुणांस सांगतों कीं, पूर्ववृत्ताचा शोध जरूर करा, पण कृतीच्या अर्थासाठीं करा. नांवाच्या पाटीसाठीं करूं नका. जो शोध पात्राच्या कृतीपर्यंत परत येत नाहीं, तो वंशावळीचा छंद होय.

आतां एक शब्द पुन्हा वडील मंडळींस. आपण आपल्या मुलांना साहित्य शिकण्यासाठीं आमच्याकडे पाठवितां. आम्ही त्यांना काय शिकवितों? परीक्षेंत स्वभावचित्राचा प्रश्न येतो. त्याचें उत्तर मार्गदर्शक पुस्तकांत तयार असतें. मुलगा तें पाठ करितो, आम्ही त्याला गुण देतों, आणि मूळ नाटकाचें पान न उलटतां तो उत्तीर्ण होतो. तोच मुलगा घरीं येऊन एका तरवारीवरील दोन ओळी पांच वेळां वाचतो, दुसरीकडील वर्णनाशीं ताडतो, मित्राच्या तर्कांतील छिद्र दाखवितो, आणि स्वतःचें मत पुराव्यानिशीं बदलतोसुद्धां. साहित्याचें शिक्षण या दोहोंपैकीं कोठें चालू आहे, याचा निवाडा आपणच करावा. त्याला हंसून गप्प केलें तर तो खेळ सोडणार नाहीं. सोडील तो विचार करणें. मग तो खेळेल, जिंकेल, मेलिनेला जळतांना पाहील, आणि पुढचें दार उघडलें म्हणून आनंदानें टाळी वाजवील.

त्यापेक्षां त्याला एकदां विचारावें: ती स्वतःच्या इच्छेनें जळली असें तुला वाटतें काय, आणि तें कशावरून? प्रश्न विचारून झाल्यावर वर्तमानपत्र मिटून ठेवावें, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकावें.